परण्यातली बेडकी

अप्पांनी ती गाडी का आणली, हे आमच्या घरात शेवटपर्यंत कुणाला समजलं नाही. अप्पांना तरी समजलं होतं का, याची मला शंका आहे. पाटोद्यात आमचं कापडाचं दुकान. लुगडी, धोतरजोड्या, खण आणि लग्नसराईत बस्ते. जुन्या ओळखीपायी अप्पा अजूनही अधूनमधून हैदराबादला मालाला जायचे. अशाच एका खेपेला ट्रकमध्ये कापडाच्या गठ्ठ्यांमागे ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी आलं. समोरच्या आडतीच्या ओट्याला ट्रक मागून टेकवला, फळ्या टाकल्या आणि हमालांनी हळूहळू ते खाली उतरवलं. ताडपत्री निघाली. आत लाल रंगाची, बुटकी, बिनछपराची विलायती गाडी होती. तिचे दोन्ही दिवे पुढच्या झाकणावर डोळ्यांसारखे वर आलेले होते, म्हणून गल्लीतल्या पोरांनी तिथल्या तिथं तिचं नाव बेडकी ठेवलं. आईनं दारातूनच बघितलं आणि विचारलं, "हे घमेलं कशाला आणलंव?" अप्पा म्हणाले, "शोकीन मानसाची चीज हाय." एवढंच. नंतर ज्यानं विचारलं त्याला अप्पांनी वेगळंच कारण सांगितलं. कुणाला म्हणाले, एका जहागीरदाराच्या घरची अडगळ होती, फुकटात मिळाली. कुणाला म्हणाले, आता मोकळं झालंय सगळं, बाहेरच्या गाड्या येणार, मग जुन्याला भाव चढेल. मला एकदा म्हणाले, तरुणपणी हैदराबादेत दुकानात कामाला असताना अशीच एक गाडी रोज संध्याकाळी समोरून जायची. ती जाताना सगळं दुकान काम थांबवून बघायचं.

तो काळच गोंधळाचा होता. घरोघर छपरावर टीव्हीच्या ताटल्या बसत होत्या. बसस्टँडवर पिवळी फोनची टपरी आली होती आणि लोक तिच्यात शिरून उगाच मोठ्यानं बोलायचे. दुकानात येणारी पोरं कापड नको म्हणायची, शिवलेलंच दाखवा म्हणायची. अप्पा गादीवर बसून कैची हातात घ्यायचे, पुन्हा खाली ठेवायचे. जुनं जातंय हे दिसत होतं, नवं काय येतंय ते दिसत नव्हतं. अशात त्यांनी ही आणखी जुनी वस्तू घरात आणून उभी केली, याचा मला तेव्हा राग यायचा. आता त्यांच्या वयाजवळ आल्यावर राग येत नाही, पण कारण अजूनही सापडलेलं नाही.

आईनं मात्र गाडीला लवकर कामाला लावलं. उन्हाळ्यात बेडकीचं पुढचं झाकण असं तापायचं की त्यावर धुतलेलं धोतर अंथरून आई कुरडया वाळवायची. सकाळी धपाट्यांचा वास, तव्यावरचा चर्रर्र आवाज, आतून आईची हाक, "कावळे हाकल गं मंगल!" आणि मी हातात काठी घेऊन गाडीच्या बैठकीत बसलेली. बसून बसून मी त्या गाडीच्या ओळखीची झाले. दादा माझ्यापेक्षा मोठा. आयटीआय करून तो औरंगाबादेकडं वाळूजला कारखान्यात लागला होता. अप्पांना गाडी शिकवायला घरात मीच सापडले. गावाबाहेरच्या माळावर नेऊन ते शेजारी बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "गेर हातानं न्हाई टाकायचा, कानानं टाकायचा. तिचा सूर उतरला की टाक." गिअरची दांडी आखूड होती, मुठीत मावणारी, खाली कातड्याची खोळ. मला तो सूर लवकर ऐकू यायला लागला. माझ्या मुलाच्या आताच्या गाडीला गिअर टाकावाच लागत नाही. मी शेजारी बसले की माझा डावा हात अजूनही उगाच काहीतरी शोधतो.

दादाचं लग्न आष्टीला ठरलं. मुलगी शोभा, डी.एड. झालेली. तिच्या वडलांना सगळे तात्या म्हणायचे. त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं, शेती होती, पंचायत समितीत ऊठबस होती, आणि आवाज असा की बैठकीत ते खोकले तरी लोक गप्प व्हायचे. मुलगा कंपनीत कायम आहे, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी होकार दिला होता, आणि तसं ते चारचौघांत बोलूनही दाखवायचे. लग्नाआधी दादा बरेच दिवस घरी येऊन राहिला. रजा मिळाली म्हणाला. तो पहिल्यापासून अबोल, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. आई त्याच्यापुढं ताट ठेवायची, हुलग्याचं माडगं त्याला आवडतं म्हणून मुद्दाम करायची, आणि तो वाटी हातात धरून ती निवेपर्यंत बघत बसायचा. "जेव की रे," म्हटलं की दचकून प्यायचा. नवरदेव आहे, होतं असं, म्हणून आम्ही हसायचो.

आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या देवळातून वाजतगाजत मांडवाकडं निघतो, त्याला परण्या म्हणतात. परण्या घोड्यावर निघतो, फार तर जीपमध्ये. अप्पांनी ठरवलं, आपला बेडकीतून निघणार. आष्टीपर्यंत गाडी त्यांनीच आणली, परण्यात चालवायला बीडहून एक सरावलेला ड्रायव्हर बोलावला होता. पण आष्टीला देवळापुढं तो गाडीत बसायला गेला तर त्याचं पोट चाकापुढं मावेना. बैठक मागं सरकेना. त्यानं श्वास आत ओढून बघितलं, एकदा आडवं होऊन बघितलं, आणि शेवटी हात जोडले. अप्पांना व्याह्यांच्या पाहुण्यांबरोबर पायी चालायचं होतं. त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि माझ्यापाशी येऊन थांबले. मी करवली. जरीचं पातळ, डोक्यात मोगऱ्याचा गजरा, हातात करा. अप्पांनी करा माझ्या हातातून काढून मावशीकडं दिला आणि म्हणाले, "बस. तसं बी करवली शेजारीच बसत असती." कुणीतरी हसलं, कुणीतरी "बाई चालवनार व्हय?" म्हणालं, पण तेवढ्यात बँड सुरू झाला आणि बोलणं त्यात बुडून गेलं.

पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं मी गाडी नेत होते. पुढं बँड, बँडपुढं नाचणारी पोरं, मागं बाया. ऊन मोप होतं. दादाच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळून भुवईत आली होती, मुंडावळ्या गालाला चिकटल्या होत्या. मांडव दिसायला लागला. तात्यांच्या घराच्या अलीकडं एक बोळ घराच्या मागच्या अंगाला जातो, आम्ही त्याच्या तोंडाशी आलो होतो. दादा समोर बघत, ओठ न हलवता म्हणाला, "मंगल, गाडी वळव."

"कुठं?"

"कुठं बी. वळव म्हंतो ना."

मला वाटलं त्याला मळमळतंय. "दादा, मांडव आलाय," मी म्हटलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. तसं तोंड मी त्याचं कधी बघितलं नव्हतं, जणू मी कोण तेच त्याला आठवत नव्हतं. आणि मी क्लच दाबून थांबतेय तेवढ्यात त्यानं हात घातला आणि गिअरची दांडी धरून खच्चून मागं ओढली. खालून कडकट्ट असा आवाज आला. मी घाबरून पाय सोडला. बेडकीनं मागं उडी घेतली. बाया किंचाळत बाजूला झाल्या, गाडी तिरकी होऊन बोळात शिरली आणि मांडवाच्या उरलेल्या बांबूंच्या ढिगाला टेकून बंद पडली. बँड थांबला. कुणाला लागलं नव्हतं. 

मग सगळे धावले. मी पुन्हा चालू केली, दांडी पुढं ढकलली. ती ढकलली गेली, अगदी सहज. मागं घेतली, तीही सहज. डाव्या-उजव्या बाजूला फिरवली तर पातळ आमटीतल्या पळीसारखी कशीही फिरायची. पण क्लच सोडला की गाडी मागंच जायची. पुढं दांडी, गाडी मागं. मधे दांडी, गाडी मागं. मला काही कळेना. हातातलं एक सांगतंय आणि चाक दुसरंच करतंय. बँडवाला म्हणाला, "क्लच गेला." ट्रकवाल्या एका मामांनी क्लच दाबायला लावला. दाबला की गाडी उभी राहते, सोडला की निघते, म्हणजे क्लच ठीक. "मंग गेरबॉक्स तुटला." दुसरा म्हणाला, "हलवा, हलवली की सुटतो गेर." पाहुण्यांनी क्लच दाबायला लावून गाडी पुढं-मागं झुलवली, पाळण्यासारखी. दादा आत बसलेलाच, मुंडावळ्यांसकट झुलतोय. काही सुटलं नाही. एक म्हातारबा म्हणाले, "उलटा परण्या लई वंगाळ." दुसरे म्हणाले, "नवरदेवानं मधीच उतरू नये." आता पुढं जाता येत नाही, मागं जायचं नाही, आणि उतरायचंही नाही. तात्या आले. त्यांनी गाडीकडं बघितलं, माझ्या जरीच्या पातळाकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "उन्हात कशाला उभं रहाता? पाहुन्यांना सरबत द्या. गाडी नीट झाली की या." लोक मांडवाच्या सावलीला गेले. बोळात आम्ही दोघं राहिलो.

दादानं ड्रायव्हरकडून पेचकस आणि पान्हा मागून घेतला होता. तो गुडघ्यावर बसून बैठकीत वाकला, मी दुसऱ्या बाजूनं वाकले. आमची डोकी खाली, पाय वर. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, दोघं काहीतरी हरवलेलं शोधतायत. त्यानं कातड्याची खोळ उपसली, खालचं झाकण धरणारे बोल्ट सोडवायला लागला, आणि बोलायला लागला.

"मी कामावर न्हाई मंगल. सोडलं."

"कवा?"

"लई दिवस झाले. तिथं नवं मशीन आलं. टीव्हीसारखा पडदा, खाली बटनं. मी हातानं चाक फिरवून काम करनारा मानूस. त्यांनी कागद दिला, शिका म्हनले. मला काई समजंना बग. रोज जायचो अन् त्याच्याम्होरं उभा रहायचो. संग शिकलेली पोरं बोटं मारायची, अन् मी उभा. काडून टाकायच्या आधी आपनच आलो."

"कावून न्हाई सांगितलंस?"

"आज सांगू, उद्या सांगू म्हनलं. मंग बस्ता झाला, पत्रिका झाल्या. आता त्या पोरीच्या गळ्यात हार कसा घालू? तिला कायमवाला नवरा पायजे व्हता."

"अन् वळून कुठं जानार व्हतास?"

तो बोल्ट फिरवत राहिला. "ते बी कळंना झालतं," म्हणाला.

मी डोकं वर काढलं तर माझा गजरा कुठंतरी अडकून तुटला होता. काय करावं ते मला सुचेना. अप्पांना सांगावं तर ते मांडवातच खाली बसतील. आईला सांगावं तर रडू ऐकू जाईल. गप्प बसावं तर थोड्या वेळात अक्षता पडतील, मग कुणालाच काही करता येणार नाही. गाडी अडलेली आहे तोवरच वेळ आहे, एवढं एकच मला लख्ख दिसलं. मी दादाला म्हटलं, "तू काड गेर. पर घाई करू नको." आणि मी करवली असल्याचा फायदा घेऊन सरळ शोभाच्या खोलीत गेले. नवरीला काहीतरी सांगायचंय म्हटल्यावर बाया हसून बाहेर झाल्या. मी दादानं सांगितलं तेच, जसंच्या तसं सांगितलं. ती हिरव्या चुड्याशी चाळा करत ऐकत होती. तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, "गेली का सोडली?"

"सोडली."

"गाडी कुठंशी हाय?"

"मागच्या बोळात."

ती उठली. मागच्या दारानं, जिथं आचाऱ्यांच्या चुली पेटल्या होत्या तिथून, शालू सावरत निघाली. येसरच्या आमटीचं मोठं पातेलं उकळत होतं, त्याच्या वाफेतून ती गेली आणि आचारी उलथणं हातात धरून तसाच उभा राहिला. मी मागं पळाले. दादानं दांडी उपसून बैठकीवर ठेवली होती आणि त्या भोकात डोळा घालून बघत होता. मनगटापर्यंत हात काळे. तिला बघून तो उठायला गेला तर डोकं चाकावर आपटलं.

"पळून चाललावता म्हनं," शोभा म्हणाली.

"व्हय."

"गाडी तर मागंच चालली व्हती."

दादाला हसावं का मान खाली घालावी ते कळेना. तिलाही बहुतेक कळत नव्हतं. तिचा आवाज कापत होता, पण ओठ हसल्यासारखे दिसत होते. "मला सांगायला काय झालतं?"

"तोंड न्हवतं."

"आता हाय का?"

त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला. ती म्हणाली, "मंग तात्यांना सांगा. मी सांगनार न्हाई, अन् ह्या ताई बी सांगनार न्हाईत. तुमीच सांगा. अक्षता पडायच्या आदी."

"मोडतील ते लग्न."

"मोडलं तर मोडलं." तिनं गाडीतल्या त्या भोकाकडं बघितलं. "मला बी कुठं समदं कळतंय? पर मी हार हातात घिऊन बसते. तुमी या, न्हाईतर नका येऊ." आणि ती आली तशी वाफेतून परत गेली.

दादा पुन्हा त्या भोकापाशी वाकला. मग अचानक म्हणाला, "हात घाल बरं मंगल. माझा पंजा जात न्हाई." मी बांगड्या कोपराकडं सारल्या आणि त्या भोकात हात घातला. आत गरम, तेलकट, काहीच दिसत नव्हतं. "तीन दांडे हायेत शेजारीशेजारी," तो म्हणाला, "तिन्हीला वरून खाचा हायेत. चाचपड." मला दोन खाचा एका रेषेत लागल्या. तिसरी कुठंच लागेना. मग बोट सरकवत गेले तर ती मागं, एकटीच, ओळ सोडून बसलेली. "ती उलट्या गेरची," दादा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा त्याचा वाटला. "मी हिसका मारला तवा दांडीचं टोक खाचेतून निसटलं. दांडी मोकळी झाली, गेर आतच राहिला. म्हनून ती फिरती अन् गाडी ऐकत न्हाई." त्यानं पेचकस खाली घातला, माझ्या बोटाच्या अंदाजानं तिसऱ्या दांड्याला टेकवला, आणि वरून मुठीनं ठोकला. एकदा काही नाही. पुन्हा ठोकला. आतून टक् असं झालं आणि माझ्या बोटाखाली तिन्ही खाचा ओळीत आल्या. दांडी वरून बसवली, झाकण आवळलं. मी चालू करून पहिला टाकला. बेडकी पुढं सरकली. मला इतका आनंद झाला की आपलं दुसरं काय अडलंय ते मी क्षणभर विसरले.

दादा मात्र गाडीत बसला नाही. नवरदेवानं उतरू नये म्हणतात तरी तो उतरला आणि चालत मांडवात गेला. मी मागं. तात्या पाय धुवायचं तांब्या-घंगाळ घेऊन चौरंगापाशी उभे होते, लग्न लावायला जंगम महाराज बसलेले. दादा त्यांच्यापुढं उभा राहिला आणि सांगितलं. हळू सांगितलं, पण मांडव असा गप्प झाला होता की मागच्या बायांनाही ऐकू गेलं. अप्पांनी खांब धरला. आईनं पदर तोंडात घातला. तात्यांचे भाऊ दोन पावलं पुढं आले. "नोकरी न्हाई? मंग आमाला काय येडं समजला का बे?" तात्यांनी हात वर केला. भाऊ थांबले.  तात्या दादाच्या हातांकडं बघत होते. काळे हात, बोटांच्या पेरापेरांत वंगण. त्यांनी मागं न बघता म्हटलं, "रॉकेल आना, अन् चिंधी."

कुणाला काही उमजलं नाही. कुणीतरी चुलीपाशी धावलं. तात्यांनी दादाला चौरंगावर बसवलं, स्वतः पुढं उकिडवे बसले, चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि दादाचा उजवा हात धरून पुसायला लागले. एकेक बोट. नखांच्या कडा. मग डावा.  मग साबण लावला, पाणी ओतलं, वास घेऊन बघितला, पुन्हा लावला. किती वेळ चाललं होतं सांगता येत नाही. सगळ्या मांडवाला रॉकेलचा वास सुटला. शेवटी त्यांनी आपल्या उपरण्यानं दादाचे दोन्ही हात कोरडे केले, मग नेमाप्रमाणं पाय धुतले, आणि महाराजांना म्हणाले, "चालू द्या."

अक्षता पडल्या. येसरची आमटी थोडी करपली होती, बुंदी चांगली होती. शोभावहिनीला पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. दादा आधी तात्यांच्या दुकानात बसला. तिथं त्याचं मन रमलं नाही, मग तो पंपांच्या मोटारी दुरुस्त करायला लागला. सगळं गोड झालं असं नाही. तात्या कित्येक वर्षं दादाशी कामापुरतंच बोलायचे, आणि दादा त्यांच्यापुढं खुर्चीवर बसायचा नाही. पण तो रॉकेलचा प्रसंग आमच्या दोन्ही घरांत सांगितला जायचा, आणि जो तो त्याचा आपापला अर्थ लावायचा. आई म्हणायची, देवमाणूस, माफ केलं. अप्पा म्हणायचे, गावापुढं अब्रू राखली.  मला यातलं नक्की काय, ते कळत नव्हतं.

तात्या फार थकले तेव्हा मी त्यांना भेटायला आष्टीला गेले होते. बाजेवर पडलेले, आवाज बारीक झालेला. मी धीर करून विचारलंच, "तात्या, त्या दिशी तुमी दादाला माफ केलतं, का चिडलावता?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत जुनी चमक आली.

"चिडलो की. लई चिडलो," ते म्हणाले. "म्हनून तर पुसत बसलो. हात मोकळे असते, तर कानाखाली काडली असती पोराच्या."